मोठेबाबांनी पास केलेली खोली

अमरावतीला आमच्या मोठेबाबांकडे अंघोळीला गेलेल्या माणसाने आत असेपर्यंत गात राहायचं, असा नियम आहे. कारण त्यांच्या घरात एकाही दाराला आतून कडी नाही. पूर्वी होत्या. एका दुपारी पेचकस घेऊन त्यांनी पुढच्या दारापासून न्हाणीघरापर्यंत सगळ्या कड्या काढल्या आणि भंगारवाल्याला देऊन टाकल्या. तेव्हापासून आत माणूस आहे हे बाहेरच्याला कळावं म्हणून गाणं. आणि गाणं मध्येच थांबलं की दारावर थाप पडते, "काय झालं वो? जित्ते हा ना?"

आमच्या अकोल्याच्या आत्याला गाणं येत नाही, म्हणून ती आत पाढे म्हणायची. एकदा डोळ्यांत साबण गेला आणि ती सतराच्या पाढ्यात अडखळली, तर मोठेबाबा दार ढकलायच्याच बेतात होते. आत्या अजूनही भावाकडे अमरावतीला जाते, पण अंघोळ अकोल्याहून करून निघते.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. सत्तरीला टेकलेले, अंगाने काटक, मिशा पांढऱ्याशुभ्र. एका शाळेत पीटीचे सर होते. मैदानावरचा माइक बंद पडला की हेडमास्तर त्यांनाच उभं करायचे, असं ते स्वतःच सांगतात आणि त्यांचा आवाज ऐकलेला माणूस त्यावर शंका घेत नाही. शाळा सुटली, सवयी सुटल्या नाहीत. बोलणं संपवायचं असलं की ते "विश्राम" म्हणतात. एकदा नात्यातल्या लग्नात दोन व्याही मानपानावरून हातघाईवर आले, तेव्हा मोठेबाबांनी मांडवाच्या टोकाहून "सावधान" अशी आरोळी ठोकली. व्याही थांबले, पण मागच्या रांगेतल्या बायकांनी त्या दोघांवर अक्षता टाकल्या. निकाल त्यांच्याकडे दोनच. वरण असो, पाहुणा असो की नवा पूल असो, एकतर पास नाहीतर नापास.

या सगळ्याला आम्ही हसतो, पण फार वेळ हसत नाही. मोठेबाबांना एकच मुलगा होता, गिरीशदादा. पुढच्या शिक्षणाला पुण्याला गेला आणि पहिल्याच हिवाळ्यात, भाड्याच्या खोलीत एकटा असताना दम्याने वारला. दार आतून लावलेलं होतं. मी तेव्हा चौथीत होते, म्हणून मला एवढंच सांगितलं, आणि मोठी झाल्यावरही कोणी जास्त सांगितलं नाही. त्याच्या आईने, आमच्या मोठीआईने, त्यानंतर अंथरूण धरलं आणि तीही गेली. आमच्या घरात गिरीशदादाचं नाव निघालं की कोणीतरी चहा ठेवायला उठतं, आणि चहा येईपर्यंत विषय बदललेला असतो.

अशा घरात मला पुण्याला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. वसतिगृहात नंबर लागला नव्हता, म्हणजे खोली घेऊन राहावं लागणार होतं. आईने पेढ्याचा पुडा आणला आणि तो तीन दिवस न उघडता फडताळावर राहिला. शेवटी बाबा म्हणाले, "दादा खोली पास करतीन त जाजो. नाई त अकोल्यातच कर." अकोल्याच्या कॉलेजातली जागा त्यांनी आधीच धरून ठेवली होती. पुण्यातली कुठलीही खोली मोठेबाबा पास करणार नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. नाही म्हणायचं काम बाबांनी भावावर ढकललं होतं, आणि मला त्यांचा मनापासून राग आला होता.

मोठेबाबांनी मात्र ते काम मनावर घेतलं. लगेच फोन आला, "शुभे, काही दिवस अमरावतीले ये. तुही तयारी करून घ्या लागते."

तयारी निघाली बोंब मारायची.

"लोकं खोली कशी पाहतेत? नळाले पानी हाय का, पंखा फिरते का," ते मला समजावत होते. "पंखा येईन का तुह्या मदतीले? खोलीत बसाचं, दार लावाचं अन् बोंब माराची. कोन येते ते पाहाचं. मंग बाकीचं."

"मग तुम्हीच मारा ना."

"माह्या बोंबेनं त बडनेऱ्याहून लोकं येतीन. राहाचं तुले हाय. तुह्या आवाजानं कोन येते, ते पाह्यलं पाहिजे."

माझा आवाज म्हणजे आनंदीआनंद. लहानपणापासून "हळू बोल" ऐकत वाढलेली मुलगी मी. रोज सकाळी ते मला मैदानावर नेत, एका टोकाला उभं करत आणि स्वतः दूर जाऊन कानाला हात लावून उभे राहत. काय ओरडायचं तेही त्यांनीच ठरवलं होतं. "कोणी आहे का?" एवढंच. 'वाचवा' म्हणायचं नाही. "वाचवा म्हटलं का लोकं आदी आपलं दार पाहतेत," असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दिवशी माझ्या हाकेने फक्त एक कुत्रं उठलं, आणि तेही कूस बदलून परत झोपलं. फिरायला येणारी मंडळी मला पाहून चाल वाढवायची. "पोटातून काढ," मोठेबाबा पलीकडून ओरडायचे, "गळ्यातून काढून राहिली तू."

आठवडाभराने माझा आवाज फुटला. मग त्यांच्याच घरात परीक्षा झाली. मी मधल्या खोलीत बसून हाक दिली आणि अर्धी गल्ली आत आली. समोरच्या वहिनी हातात पळी घेऊन, शेजारचे सलीमचाचा शिलाईची टेप गळ्यात तशीच ठेवून. "क्या हुआ सर? बच्ची को क्या हुआ?" मोठेबाबांनी त्यांना बसवलं, चहा पाजला, वाटेला लावलं. मला वाटलं आता खूश होतील. तर म्हणाले, "अमरावती पास झाली. तिचा उपेग काय, तुले राहाचं पुन्याले."

रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आम्ही पुण्याला पोचलो. बॅग सोबतच होती. दुसऱ्या दिवशी प्रवेश पक्का करायची शेवटची मुदत होती. खोली पास झाली तर मी तिथेच राहणार, नापास झाली तर त्याच संध्याकाळी दोघेही परत. म्हणजे माझं पुढचं सगळं शिक्षण त्या एका दिवसातल्या बोंबांवर होतं.

पहिल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मोठेबाबा म्हणाले, "हे पाय, उभं राहून मारू नको. खाली बसून मार. अन् अर्ध्या दमात."

"अर्ध्या? मग आठवडाभर मला मैदानावर कशाला उभं केलं?"

"पुऱ्या दमाची असली त अर्धी निंगते. विश्राम."

तो दोन मुली वाटून राहत असलेला फ्लॅट होता. चकचकीत फरशी, खाली पहारेकरी, दारात कॅमेरा. मी आत फरशीवर बसून दार लावलं आणि हाक मारली. मोठेबाबा बाहेर लिफ्टपाशी उभे राहून मजल्यावरची दारं न्याहाळत होते. एक दार बोटभर उघडलं आणि बंद झालं. कुठेतरी टीव्हीचा आवाज वाढला. आणखी थोड्या वेळाने खोली दाखवणाऱ्या एजंटच्याच मोबाइलवर निरोप आला की या मजल्यावर कोणीतरी आरडाओरडा करतंय, कृपया समज द्यावी. एजंट ओशाळून म्हणाला, "सर, इथे प्रायव्हसी फार चांगली आहे."

"हो, दिसून राहिली," मोठेबाबा म्हणाले. "नापास."

दुसरी जागा मुलींचं पीजी होती. तिथे मात्र माझी हाक पुरती व्हायच्या आत मालकीणबाई वर आल्या. मला हायसं वाटलं. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "हे बघा, इथे असला आवाज चालत नाही. नियम भिंतीवर लावलेत, वाचून घ्या." खाली उतरल्यावर मी मोठेबाबांना म्हटलं, "आल्या ना त्या? लगेच आल्या."

"आली ना. पन काहून आली? नियम सांगाले. काय झालं पोरी, असं इचारलं काय तिनं?"

मी बॅग उचलली.

तिसरी खोली मला फार आवडली. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या बंगल्यामागे, स्वतंत्र, पांढऱ्या भिंतींची. खिडकीत बकुळीचं झाड, टेबल, पुस्तकांना फळ्या. मी मनातल्या मनात तिथे राहायलाही लागले होते. मालक आजोबा अगदी सौजन्याने म्हणाले, "शांत जागा आहे. अभ्यासाला याहून चांगली मिळायची नाही."

मोठेबाबांनी मला बसायलाही सांगितलं नाही. खोलीच्या मधोमध ते क्षणभर उभे राहिले, त्यांचा चेहरा एकदम उतरला, आणि आजोबांना नमस्कारही न करता ते बाहेर पडले. मी पळत त्यांना फाटकाशी गाठलं, तर म्हणाले, "नापास. विश्राम."

त्या फुटपाथवर माझा तोल गेला. आल्यागेल्यासमोर मी त्यांना म्हटलं, "बोंब तरी मारून बघायची होती. तुम्हाला मला ठेवायचंच नाहीये. बाबांनी तुम्हाला तेवढ्यासाठीच पाठवलंय." आणि मी रडायला लागले. उन्हं डोक्यावर होती, पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं, आणि आपल्याला आता अकोल्यातच दिवस काढायचे आहेत हे मला स्पष्ट दिसत होतं.

मोठेबाबा खाली बघून म्हणाले, "ठेवाचंच नसतं, त बोंब काहून शिकवली असती व तुले?"

चौथी खोली एका चहावाल्याने सांगितली. दुपार कलायला आली होती. अरुंद गल्ली, खाली वेल्डिंगचं दुकान, त्याच्यावर डबे पुरवणाऱ्या बायकांचं स्वयंपाकघर, त्याच्यावर ही खोली. जिन्यात फोडणीचा धूर कोंडलेला. भिंतीचे पोपडे निघालेले, आणि एकुलती एक खिडकी दुसऱ्याच्या मोरीवर उघडणारी. दारावर किल्ली कोणाकडून घ्यायची ते खडूने लिहिलं होतं. असल्या ठिकाणी मी एरवी पाऊलही ठेवलं नसतं, पण दिवस संपत आला होता.

मी दार लावलं आणि खाली बसले. घसा पार गेला होता. अर्ध्या दमाचं नाटक करायची गरजच उरली नव्हती. "कोणी आहे का?" माझं मलाच ते जेमतेम ऐकू आलं.

दाराची कडी जुनी होती. बाहेरून असा धक्का बसला की ती निसटून लोंबायला लागली. आत आली ती पन्नाशीची एक बाई, हातात लाटणं, कोपरापर्यंत पीठ. "काय गं, काय झालं? चक्कर आली? कोण तू? उठू नको, बस तशीच." तिने पिठाचा हात माझ्या कपाळावर ठेवला. तिच्यामागून आणखी दोघी आल्या, एकीच्या हातात पाण्याचा तांब्या. मला काही झालेलं नव्हतं, तरी मी ते पाणी प्यायले, आणि का कोण जाणे, परत रडले.

त्या जाधवकाकू. खालचं स्वयंपाकघर त्यांचं, आणि राहायला त्या याच मजल्यावर, भिंतीला भिंत लागून; पोळ्या त्या तिथेच लाटायच्या. ही सगळी परीक्षा होती हे कळल्यावर त्यांनी जिन्यात उभ्या असलेल्या मोठेबाबांना असं फैलावर घेतलं की बस. "अहो, वय काय तुमचं? तव्यावरच्या पोळ्या टाकून धावत आले मी. माझ्या छातीत अजून धडधडतंय. पोरीच्या जिवावर अशी चेष्टा करतं का कोणी?"

मोठेबाबा हात मांड्यांना चिकटवून, मान खाली घालून सावधान उभे होते. शाळेत उशिरा आलेल्या पोरांना ते ज्या ठिकाणी उभं करत, तिथे आज स्वतः उभे होते. "चुकलं ताई," ते म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मग "मी जराशी खोली पाहून घेतो" असं पुटपुटत ते आत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

आम्ही बाहेर थांबलो. आतून काही आवाज येईना. काकूंनी विचारलं, "काका, झालं का?" उत्तर नाही. आपल्या घरातल्या दारांच्या कड्या काढून टाकणारा माणूस दार लोटून इतका वेळ आत काय करतोय, मला समजेना, आणि मला भीती वाटायला लागली. काकूंनी सरळ दार ढकललं.

मोठेबाबा फरशीवर बसले होते. काकूंच्या बाजूच्या भिंतीला त्यांनी कान लावला होता. पलीकडे कोणीतरी भांडी घासत होतं, कोणीतरी पोराला दटावत होतं, कुकरची शिट्टी होत होती. त्यांनी आमच्याकडे पाहिलंही नाही. "ऐकू येते," ते म्हणाले. "सारं ऐकू येते."

काकूंचा राग कुठल्या कुठे गेला. लाटणं बाजूला ठेवून त्या त्यांच्यासमोर बसल्या. "काय झालं काका?"

आणि मोठेबाबांनी त्यांना सगळं सांगितलं. मी दारात उभी होते. गिरीशदादा कसा गेला हे मला त्या दिवशी कळलं, आणि तेही ते एका अनोळखी बाईला सांगत असताना.

"पोरासाठी खोली मीच पाह्यली होती ताई. आदी अशीच एक होती, गल्लीतली. खाली कल्ला, वर कल्ला. त्याले पसंत होती. मीच म्हटलं, इथी काय अभ्यास होईन? आमच्या घरी दिवसभर मानसं, गलका. म्हटलं, आता त पोराले शांतता भेटू दे. दुसरी घेऊन देल्ली, एका बंगल्याच्या मांगं. लय शांत." त्यांनी भिंतीवर हात ठेवला. "बाजूच्या खोलीतला पोरगा मंग मले सांगे. म्हने, काका, आवाज आला होता. 'कोनी आहे का', असं दोनदा. हळू होता म्हने. त्याले वाटलं, टीव्ही हाय."

खाली बसून, अर्ध्या दमात, हे सकाळपासून का चाललं होतं ते मला तेव्हा उमगलं. दम लागलेल्या माणसाला उभं राहून ओरडता येत नाही. फुटपाथवर मी त्यांना काय काय बोलले होते, ते आठवून जीव नकोसा झाला.

काकूंनी शहाणपणाचं काही सांगितलं नाही. "नाव काय होतं हो त्याचं?" एवढंच विचारलं. मग "किती वर्षांचा होता?" मग "जेवायला काय आवडायचं?" मोठेबाबा एकेका प्रश्नाचं उत्तर देत गेले, तोंडी परीक्षेला बसलेल्या मुलासारखं, न चुकता.

मध्येच बाबांचा फोन आला. मोठेबाबांनी डोळे पुसले आणि घेतला. "खोली ना? गंदी हाय," ते म्हणाले. "पोपडे निंगून राहिले. खिडकीतून मोरी दिसते." मी बॅगेकडे हात नेला. "पास. पोरगी इथीच राहीन."

संध्याकाळी मी त्यांना ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर सोडायला गेले. कडेच्या कठड्यावर आम्ही बसलो. मोठेबाबांची नजर रस्त्यावर होती. ते म्हणाले, "मले घरी जाऊ वाटून नाही राहिलं शुभे."

"का मोठेबाबा? तिथे तर एका हाकेला सगळी गल्ली येते."

"येते ना. तठी सारे येतेत," ते म्हणाले. "त्याच्याबद्दल इचारत कोनीच नाही."

त्यांना वाईट वाटेल, म्हणून सगळं घर इतकी वर्षं गप्प होतं. त्या गप्पपणात ते एकटे बसून होते. मी त्यांच्या जवळ सरकले आणि विचारलं, "गिरीशदादा सायकल कधी शिकला हो?" असंच, जे मनात आलं ते.

मोठेबाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग ते बोलायला लागले. गिरीशदादाला म्हणे ब्रेक मारणं माहीतच नव्हतं. थांबायचं असलं की तो सायकलवरून उडी मारायचा आणि सायकल आपली पुढे जायची. एकदा उतारावर त्याने अशी उडी मारली आणि सायकल निघाली ती थेट सलीमचाचांच्या दुकानाच्या दिशेने. तेवढ्यात गाडी लागली. क्लीनर घाई करायला लागला. मोठेबाबा सांगत सांगतच चढले, सांगत सांगतच खिडकीशी बसले. गाडी हलली तरी त्यांचं संपलं नव्हतं. त्यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि मैदानावरच्या त्या आवाजात उरलेलं सांगितलं, "मंग चाचा मशीन सोडून भायेर पयाले, अन् हा पोट्टा त्याईच्या मांगं, म्हने चाचा, सायकल धरा, मी येऊन राहिलो."

थांब्यावरची सगळी माणसं वळून पाहत होती. गाडी चौकातून वळेपर्यंत ते हात हलवत होते, आणि मी मोठ्याने विचारत होते, "मग? मग काय झालं?"